हृदयाला पडलेलं भोक

माझ्या हृदयाला भोक आहे, ही बातमी मला एका अमेरिकन अधिकाऱ्याने दिली. डॉक्टरने नव्हे, व्हिसाच्या अधिकाऱ्याने! आणि ती त्याने इतक्या सभ्यपणे दिली की मी सवयीने आधी "थँक यू" म्हणून गेलो.

साठीच्या दशकाची अखेर होती. मद्रासच्या मैलापुरात आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि त्यात आई आणि मी, एवढंच कुटुंब. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. मी कारखान्यात इंजिनियर होतो आणि अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी अर्ज करून बसलो होतो. 'स्थायिक' हा शब्द मात्र घरात कुणी उच्चारत नसे. मी म्हणे, "थोडी वर्षं, मग तुला घेऊन जातो." आई म्हणे, "बरं," आणि विळी पुढे ओढून घेई. (आमची मराठी तंजावरची. तिच्यात मराठी किती आणि तमिळ किती, हे आमचं आम्हालाही ठाऊक नाही. इथे तिला वाचकांसाठी इस्त्री केली आहे.)

अर्जासोबत छातीचा एक्स-रे लागे. फुफ्फुसावर डाग दिसला की अमेरिका संपली. मी भीतभीत फोटो काढून घेतला आणि डॉक्टरांनी सही करून शाबासकी दिली. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी तो खाकी लिफाफा छातीशी धरून घरी आलो. छातीशी छाती!

"काय म्हणाला डॉक्टर?" आईने विचारलं.

"म्हणाला, अगदी स्वच्छ! कुठे एक डाग नाही. इतकी सुंदर छाती बऱ्याच दिवसांत पाहिली नाही म्हणाला."

आईचा चेहरा पडला. "असं म्हणाला? तोंडावर?"

"हो."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

शेजारच्या पट्टू मामी डब्यात ताक न्यायला आल्या होत्या. त्यांनीही गालावर हात ठेवला. "अय्यय्यो! कुणी इतकं उघड बोलतं का? दृष्ट लागेल पोराला!"

मी दोघींना हसलो. विज्ञान, प्रकाशकिरण वगैरे विषयांवर थोडं बोललो. दोघींनी ते अतिशय आदराने ऐकलं. मग मी आंघोळीला गेलो. लिफाफा झोपाळ्यावर राहिला.

मुलाखत सोमवारी नऊला होती. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकालम, म्हणजे अशुभ वेळ, म्हणून आईने मला सातच्या आतच घराबाहेर काढलं आणि स्वतःही बरोबर आली. "तू आत जा, मी बाहेर बसेन," म्हणाली. वकिलातीचा दरवाजा उघडेपर्यंत आम्ही समोरच्या झाडाखाली उभे होतो. मी सुटात होतो. मद्रासच्या उन्हात लोकरीच्या सुटात माणूस इडलीसारखा शिजतो. आई पदराने वारा घालत होती, स्वतःला नव्हे, मला.

आत अधिकारी तरुण होता. त्याने मला शपथ दिली, नाव, शिक्षण, नोकरी विचारली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याने फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"हा तुमचाच फोटो ना?"

"हो साहेब."

"डॉक्टर लिहितात, हृदय उत्तम. मग हे काय?"

फिल्मवर हृदयाचा भाग पांढुरका दिसतो. त्या पांढुरक्या भागात बरोबर मध्यभागी एक गोल, काळंकुट्ट भोक होतं. वाटाण्याएवढं!

"हृदयाला भोक दिसतंय," तो हळू आवाजात म्हणाला.

इथेच माझं "थँक यू" झालं. आणि शपथेवर सांगतो, मला छातीतून आरपार वारा गेल्यासारखा वाटला. कालपर्यंत मैलापूरच्या तळ्याभोवती ज्याने चकरा मारल्या, तो मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो.

"अहवाल तुमचा आणि फोटो दुसऱ्याचा, असं तर नाही?" आता त्याच्या आवाजातली सभ्यता थोडी आटली होती. "तसं असेल तर तुमचा अर्ज इथेच थांबेल."

मी उठून फिल्मजवळ गेलो. जवळून पाहिलं, तर भोकावर बोटाचा ठसा होता! मी वास घेतला. एरंडेलाचा! हृदयाच्या भोकाला एरंडेलाचा वास येतो, हे कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नसावं.

"साहेब, हे घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ आहे," मी म्हणालो. "माझ्या आईने लावलं. आमच्यात निर्दोष वस्तूला दोष लावतात. नजरेसाठी."

"तुमच्या नजरेतही दोष आहे?"

इंजिनियरिंगचं इंग्रजी तिथे संपलं. मी म्हणालो, "ती बाहेरच बसली आहे."

आईला आत बोलावलं. ती दारातच चपला काढून अनवाणी आली. मी फिल्म तिच्यासमोर धरली. "आई, ही तीट तू लावलीस, एवढं साहेबांना सांग."

तिने साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही सांगितलं तर?"

"तर मला जाता येणार नाही."

खोलीत पंख्याचा आवाज होता. आईला इंग्रजी येत नव्हतं, साहेबांना मराठी येत नव्हतं, आणि दोन्ही येणारा मी गप्प उभा होतो. तिने नुसती नकाराची मान हलवली असती तर संध्याकाळी मी तिच्याच हातचं सांबार जेवत असतो, आणि तिला कुणी दोष दिला नसता.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, फिल्म खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसं माझं हृदय पुसलं. एकदा, दोनदा, आणि मग उजेडात धरून स्वतःच तपासलं. भोक गेलं होतं.

"घे," ती म्हणाली. पण लगेच तिच्या मनात काहीतरी आलं असावं. पदरावरचं तेच काजळ तिने बोटावर घेतलं आणि साहेबांच्या देखत, सूट घातलेल्या, टाय बांधलेल्या घोड्याच्या, म्हणजे माझ्या, कानामागे लावलं!

अधिकाऱ्याने खाली पाहून सही केली. सही करायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

बाहेर आल्यावर आई बस येईपर्यंत पदरावरचा काळा डाग चोळत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, डोक्याचा फोटो मागितला नाही त्यांनी."

आज मी त्या वेळच्या आईच्या वयाचा झालो आहे. आई इकडे अमेरिकेत आली नाही. "बरं" म्हणत राहिली आणि मैलापुरातच गेली. परवा इथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो दिव्यावर लावला आणि माझी पाठ थोपटली. "या वयात इतकं निर्मळ हृदय! एक डाग नाही!" तोंडावर म्हणाले! मी ऐकून घेतलं. ते बाहेर गेल्यावर मी इकडेतिकडे पाहिलं, खिशातलं काळं पेन काढलं आणि हृदयाच्या बरोबर मध्यभागी एक ठिपका काढायला वाकलो. तेवढ्यात नर्स आत आली.

तिने पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातूनच आवाज दिला, "डॉक्टर, यांच्या डोक्याचाही एक फोटो काढायचा का?"