उद्या येऊन पुसतो

लाईनमन आमच्या बदनापूरच्या घरी दोन वर्षं येत होते, पण त्यांची सगळी वाक्यं लिहून काढली तर वहीच्या दोन पानांत मावतील. दारात चपला काढायच्या, "हं, अक्का" म्हणायचं आणि थेट कॉम्प्युटरपुढं जाऊन बसायचं. मी आपली बोलतेय, चहा ठेवतेय, पुन्हा बोलतेय. त्यांचं ध्यान पडद्यावर. एकदा वैतागून मी विचारलं, "अहो, घरी तरी तोंड उघडता का?" तर म्हणाले, "घरी मालन बोलती. बराबर चाललंय." मालन म्हणजे त्यांची बायको.

नाव त्यांचं वेगळं होतं, पण सगळे लाईनमनच म्हणायचे. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, खांबावर चढण्यात गेली. नोकरी संपली, खांबही गेले, तर या माणसानं साठी उलटल्यावर पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकून घेतला. मी तरी कुठं शिकलेय म्हणा. सातवीनंतर जे काही आलं ते आपलं आपणच. म्हणूनच आमचं जमलं असावं.

मी दृष्टी नसलेल्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करते. भाच्यानं त्यासाठी साईट करून दिली. धडा तिच्यावर चढवायचा, मुलं आपापल्या गावी फोनवर ऐकतात, आणि किती वेळा ऐकलं तो आकडा धड्यापुढं दिसतो. भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि साईट रुसली. छोटी कविता जायची, धडा जायचा नाही. "फाइल फार मोठी आहे," एवढंच म्हणायची. मग मी धड्याचे तुकडे करायला लागले. एका धड्याचे बारा. मुलं फोन करायची, आजी, सातव्यानंतर एकदम नववाच कसा आला? माझं मलाच रडू यायचं. तेव्हा कुणीतरी लाईनमनचं नाव सांगितलं आणि ते जालन्याहून पॅसेंजरनं आले.

"तुकडे कशापायी करता?" ते म्हणाले. "लांब हाय म्हणून तार कुणी कापत न्हाई. अडतंय कुठं ते बघू."

त्यांची पद्धत त्यांनी मला एकदाच सांगितली. "लाईन बंद पडली की मी पहिल्या खांबापासून हुडकत न्हाई गेलो कधी. मधल्या खांबावर चढायचं. तिथं आवाज आला तर बिघाड पुढं, न्हाई आला तर मागं. मंग उरलेल्याचा पुन्हा मधला खांब." साईटचंही त्यांनी तसंच केलं. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग अडलं, पाचाचं अडलं, दोनाचं गेलं, तिनाचं अडलं. सर्व्हरच्या आत कुठंतरी एका फाइलीला किती जागा द्यायची त्याचा आकडा लिहिलेला असतो म्हणे. तो त्यांनी वाढवला. मी लगेच देवापुढं साखर ठेवली. पण सातची गेली आणि नऊची पुन्हा अडली. "आत दुसरी चौकी हाय, अक्का." फाइल ज्या गाठोड्यात बांधून जाते, त्या गाठोड्याचाही वेगळा आकडा असतो. तोही वाढवला. तर तिसरी चौकी निघाली, ती अगदी वेशीवरची. तिथं अडलं की मराठीत निरोपसुद्धा नाही, नुसत्या पांढऱ्या पानावर ४१३. प्रत्येक बदलानंतर ते सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचे. "उठवून बसवल्याबिगर त्याला नवा हुकूम कळत न्हाई."

या चाचण्यांना ते स्वतःचाच आवाज भरायचे. एक, दोन, तीन, चार, असं मोजत बसायचे. मी म्हणायचे, एखादं गाणं टाका की. "गाण्यात ध्यान जातं," ते म्हणायचे. आणि चाचणी झाली की फाइल लगेच पुसून टाकायची. खांबाखाली पडलेला तारेचा तुकडाही पिशवीत घालून परत नेणारा माणूस तो. "चाचणीचा कचरा ठेवायचा न्हाई."

शेवटी चाळीस एम.बी.ला, म्हणजे साधारण चाळीस मिनिटांना, त्यांनी हद्द घातली. माझा अर्ध्या तासाचा धडा त्यात आरामात मावायचा. मी म्हटलं, हद्दच काढून टाका की. "हद्द पायजे, अक्का. न्हाई तर कुणी बी येऊन सारी जागा भरून टाकील. मंग पोरांचे धडे कुठं ठेवता?"

त्या दिवशी म्हणाले, "दार उघडतंय ते बघितलं. आता लागतंय का ते बी बघावं." त्यासाठी पंचेचाळीस मिनिटांची फाइल हवी होती. ते खोलीचं दार ओढून बसले आणि मी आत मेथी निवडत बसले. भिंतीपलीकडून पुटपुट येत होती. मोजत असतील, म्हणून मी कान दिला नाही. उलट, आज आपल्याला बोलायला कुणी नाही म्हणून कुरकुरलेच. मी जाऊन पाहिलं तेव्हा पडद्यावर ४१३ होता, म्हणजे दार लागत होतं, आणि लाईनमन खूश होते. घड्याळ बघून घाईनं चपला घातल्या. "गाडीचा टाइम झाला. ती एक पुसायची राह्यली. उद्या येऊन पुसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या घरीच, चहाचा कप हातात असताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभरानं मालनवहिनी आल्या. बसल्या, पाणीही घेतलं नाही. "अक्का, घरात त्यांचे फोटो हायेत. आवाज कुठंच न्हाई. तुमच्या मशिनीत असंल का?"

मी साईट सगळी धुंडाळली. स्वच्छ. त्यांच्या त्या टापटिपीचा मला पहिल्यांदा राग आला. आणि मग आठवलं. जी फाइल गेलीच नाही, ती पुसायची राहिली होती. माझ्याच कॉम्प्युटरवर होती.

आम्ही दोघी ऐकत बसलो. सहाशेपर्यंत नुसते आकडे. वहिनी प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. मग खोकला. मग, "मोजून कंटाळा आला. अजून लई वेळ हाय." थोडं थांबून ते बोलायला लागले. "एकदा अंबडच्या लाईनवर गेल्तो. जोड बराबर बसला का बघायला आमच्या गल्लीतल्या दुकानात फोन लावला, म्हणलं मालनला बोलवा. ती पळत आली. धाप लागल्ती. मी म्हणलं, टेस्टिंग, आवाज येतो का. ती म्हणली, येतो. मी ठेवून दिला. सरकारी लाईन, तिच्यावर घरचं बोलणं बरं न्हाई. पण मला इचारायचं व्हतं, जेवलीस का. दोन वाजून गेल्ते."

"न्हाई जेवले," वहिनी स्पीकरकडं बघून म्हणाल्या. "वाट बघत व्हते."

फाइल संपेपर्यंत मी चहासुद्धा ठेवला नाही.

"एका बैठकीला इतकं कधी बोल्ले न्हाईत माझ्याशी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. त्या आता जाफराबादला लेकीकडं राहायला चालल्या होत्या. "ती पोरं फोनवर ऐकतात तसं मला ऐकाया येईल का?"

मी फाइल चढवायला घेतली. ४१३. त्यांनीच लावलेलं दार, लागत होतं बरोबर. त्यांच्या हातचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता, तिन्ही जागा लिहिलेल्या. चष्मा लावून एकेक आकडा बदलला, तरी पुन्हा ४१३. कागदाच्या तळाशी पाहिलं: "उठवून बसवणे. विसरू नये." ते केलं. फाइल गेली.

मग तिन्ही आकडे मी पुन्हा चाळीसवर आणून ठेवले. हद्द पाहिजे.

दुपारी दोन वाजून गेले की त्या फाइलपुढचा ऐकणाऱ्यांचा आकडा एकानं वाढतो. तो वाढला की मी उठून ताट वाढून घेते.