बंद पंख्याखाली

गोंदियातल्या त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. लग्नाचे व्हिडिओ जोडताना माझी मशीन रखडायची, म्हणून मेमरीच्या टायमिंगचे आकडे कमी करून ती पळवायची होती. त्याने एक आकडा घटवला, छताचा पंखा बंद केला आणि मशीन तेवढ्यावर टिकते का, याची तपासणी लावली. मे महिना होता. स्क्रीन काळी पडली, की तो जुना आकडा परत टाकायचा.

"पंखा कायले बंद केला?" मी वैतागून विचारलं.

"पंख्याखाली सबच चालते. इथं चालून राहिली अन् तुमच्या घरी गरमीनं बंद पडली, त काय फायदा?"

अखेर मशीन टिकली.

"आता तरी लावा पंखा," मी म्हणालो.

खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसत त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर ओढला. "याच्या घरी टिनाचं छप्पर आहे."