गिनीपिगांचं सुतक

आमच्या घरी जनावर गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हातारा बैल असो की कालची कालवड, माय पीठ झाकून ठेवते आणि सगळे पाणी पिऊन निजतात. लहानपणी मला या रिवाजाचा भयंकर राग यायचा. मेलेल्या बैलापेक्षा मला माझी भूक मोठी वाटायची.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत गिनीपिगांना क्षय देतो. हे याहून बरं करून सांगायची सोय नाही. बंद पेटीत जंतूंचा फवारा सोडायचा, तो त्यांच्या श्वासातून आत जाऊ द्यायचा आणि ती माणसासारखीच खंगतात का ते बघायचं. तशी खंगली की आमच्या भाषेत मॉडेल जमलं. मग त्यावर नवी औषधं तपासता येतात. ठरल्या दिवशी भूल देऊन त्यांना संपवायचं आणि फुफ्फुसं काढून पाहायची. घरी मात्र मी एवढंच सांगितलं होतं, की माझ्याकडे जनावरं आहेत. माय खूश झाली. एवढं शिकूनही पोरगं शेवटी दावणीलाच आलं, असं ती कौतुकानं सांगायची.

एका वर्षी गावाकडे दुष्काळ पडला. वडवणीकडच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता, म्हणून त्याच्या आवारात चारा छावणी पडली होती. माय गाय घेऊन तिथंच पाल ठोकून राहिली. वडील गावात घर राखत. संध्याकाळी फोन लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुजी जनावरं कशी हायेत?"

मॉडेल जमलं त्या दिवशीही तिनं तेच विचारलं. फुफ्फुसांवर हवे तसे दाणे सापडले होते, साहेबांनी पेढे आणले होते आणि एक माझ्या तोंडात होता.

"गेली," मी म्हणालो.

"किती?"

"सगळी."

फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. मी दुसरा पेढा उचलला.

पुढं सुटीत छावणीवर गेलो, तर शेजारच्या पालातली मावशी मला बघताच हळहळली. "लई वंगाळ झालं बाबा. तुज्या मायनं त्या दिशी चूल पेटवली न्हाई. मी भाकर नेली तर हात लावला न्हाई. तुज्या बापालाबी खबर धाडली, पोराच्या दावणीत कायबी उरलं न्हाई म्हनून."

म्हणजे तिकडे गावात वडीलही उपाशी निजले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माय गाईपुढं बाहेरून आलेले उसाचे वाढे टाकत होती. "काय बिमारी आलती रे त्यांला?" तिनं विचारलं.

"क्षय."

"तुज्या बापाला झालता तो?"

"तोच."

"कुटून लागला?"

साथ आली म्हटलं असतं तर तिनं मान हलवली असती आणि विषय मिटला असता. पण त्या दोन उपाशी माणसांपुढं खोटं तोंडातून निघेना. "मीच दिला," मी म्हणालो. मग घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, अगदी वडिलांच्या गोळ्यासुद्धा आधी अशाच जनावरांवर तपासलेल्या होत्या, इथपर्यंत. ती शिव्या घालील असं वाटलं होतं. शिव्या खायला मी तयारच होतो. तेवढ्यानं मोकळं होता आलं असतं.

ती वाढे टाकत राहिली. "म्हंजी तुजा बाप वाचला तो त्यांच्यामुळं."

"हो."

"अन् त्यांला मारायचा दिस आदीच ठरलेला असतो?"

"असतो."

"मंग आदल्या दिशी सांगत जा. त्या दिशी माजं पीठ मळून झालतं. वाया गेलं."

त्यानंतर तसे दिवस पुष्कळ आले. तारीख आमच्या फळ्यावर आधीच लिहिलेली असते. आदल्या संध्याकाळी मी फोन करतो, पावसाचं विचारतो, गाईचं विचारतो, आणि तेवढं सांगत नाही. सांगितलं तर म्हातारी माणसं उगाच उपाशी राहतील, अशी मी स्वतःची समजूत घालतो. खरं कारण वेगळं आहे. ती दोघं तिकडे उपाशी आहेत हे माहीत असताना मला दुपारी कॅन्टीनमध्ये घास गिळवणार नाही. आणि मला जेवायचं असतं.