खिळ्यावरची नळी

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, जुने नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट कधी ना कधी कामाला येतात. किश्श्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून सांगून टाकतो.

गॅरेज नांदेडचं, देगलूर नाक्याकडचं, सलीम मिस्त्रींचं. जीप घेऊन चिखल आणि डोंगर तुडवायची हौस असलेले आम्ही काही जण गाडीची तयारी तिथेच करून घेतो. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक काळी नळी दिसते. स्नॉर्केल. गाडी पाण्यात शिरली तरी इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून ही बॉनेटपासून टपापर्यंत बसवतात. नवं गिऱ्हाईक आलं की हटकून तिचा भाव विचारतं.

"ती विकायची न्हाई."

"मग दुसरी मागवून बसवा."

"मी बसवत न्हाई."

एवढंच. पुढे विचारायची सोय नाही.

*

पहिला किस्सा माझाच. मी नायगावच्या कॉलेजात शिकवतो. जुनी जीप घेतली आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून यादी केली. एलईडी बार, रूफ रॅक, लोखंडी बंपर, सगळं. मिस्त्रींनी यादीकडे बघितलंच नाही.

"सर, गाडी कुठं न्यायची?"

"रोज नायगावला. रविवारी माहूरच्या डोंगरात."

"नायगावला डांबरी रोड हाय. रविवारी तुमी दिवसा जाणार. मंग एवढ्या लायटा काय पोरांचे पेपर तपासायला?"

गॅरेजभर हशा! मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण यादी खिशात गेली आणि चांगले टायर तेवढे बसले.

*

भगवानराव आमच्यातले हौशी. शिरूर अनंतपाळकडची बागायती शेती, मनात आलं की झालं. मिस्त्री नको नको म्हणत असताना त्यांनी गाडी चार इंच उचलून घेतली आणि दिमाखात घरी नेली. आईला म्हणाले, "चल, दर्शनाला जाऊ."

म्हातारी दारापाशी आली. एकदा गाडीच्या पायरीकडे बघितलं, एकदा लेकाकडे.

"भगवान, गाडीत बसायचंय का माळवदावर चढायचंय?"

आठ दिवसांत गाडी दोन इंच खाली आली.

*

याच भगवानरावांची जीप पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात फसली. काळी माती एकदा चाकाला धरली की सोडत नाही. आम्ही दोघं ढकलून थकलो. शेवटी शेजारच्या रानातला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला दोर घेऊन गाडीभोवती दोनदा फिरला.

"मालक, एवढं लोखंड लावलाव गाडीला, अन् दोर बांधायला जागाच न्हाई?"

खरंच नव्हती. पुढे चकचकीत बंपर, पण ओढायचा हुक ना पुढे ना मागे! मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "जाताना कसं जायचं हे समदे इचारतेत. फसल्यावर कसं निघायचं, हे कुणीच इचारत न्हाई." त्या दिवसापासून त्यांच्याकडे पहिलं काम हुकांचं.

*

आता काठीचं सांगतो. मिस्त्रींकडून तयार झालेल्या प्रत्येक गाडीत एक बांबूची काठी मिळते. वरच्या टोकाला सुतळीचा फास आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर तांबड्या रंगाची खूण. वाहतं पाणी आडवं आलं की खाली उतरायचं, काठावरूनच काठी पाण्यात धरायची. पाणी खुणेच्या वर असलं की गाडी मागे फिरवायची.

आम्ही लई टिंगल केली. "मिस्त्री, गुडघाभर पाण्याला जीप भिते का?" मी तर त्या काठीने पेरू पाडत होतो. मिस्त्री ऐकून घ्यायचे आणि पुढच्या काठीला रंग लावायचे.

*

एका दुपारी गॅरेजात आम्ही दोघंच होतो. चहा पिता पिता मी नळीचा विषय काढलाच. वाटलं, ओरडतील.

"अन्वरच्या गाडीची हाय ती," ते म्हणाले. अन्वर त्यांचा धाकटा भाऊ, जीपवर ड्रायव्हर होता. "मीच बसवली ह्या हातानं. म्हनलं, आता पान्याला भ्यायचं न्हाई. फरशी पुलावर पानी गुडघ्याएवढंच होतं, सर. त्यो थांबला न्हाई. बघनारे सांगत होते, गाडी वाहत गेली तवा बी इंजन चालूच होतं. शेवटपतूर बंद पडलं न्हाई."

माझ्या हातातला चहा गार झाला. त्या काठीने मी पेरू पाडले होते, याची मला फार लाज वाटली.

*

मग डॉक्टर वैशाली मॅडम आल्या. माहूरकडच्या डोंगरात सरकारी दवाखान्यात त्यांची नेमणूक. दवाखाना आणि तांडा यांच्यामध्ये नाला. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पाणी होतं, मॅडम वेळेत पोचल्या नाहीत आणि तांड्यावरची एक बाळंतीण गेली. यंदा त्याच तांड्यावर दुसरी एक गरोदर होती. मॅडमनी जुनी जीप घेतली होती. बोट थेट नळीकडे.

"ही बसवून द्या."

"न्हाई, मॅडम. टायर बसवतो, हुक बसवतो."

"मिस्त्री, पलीकडे माणसं आहेत!"

"म्हनून तर न्हाई म्हनून राहिलो."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती मेली तर तुम्ही येणार का सांगायला?"

मिस्त्री पाना उचलून कामाला लागले. त्यांनी गाडी तयार केली आणि काठी दिली. मॅडमनी ती मागच्या सीटवर आपटली आणि गेल्या. त्या दिवशी मला मिस्त्रींचाच राग आला होता. बाकीच्या गिऱ्हाइकांची हौस होती, मॅडमची गरज होती. एवढा फरक माणसाला कळू नये?

*

भादव्यात एका दुपारी मॅडमची जीप गॅरेजसमोर थांबली. खिडकीपर्यंत चिखल. मॅडम उतरल्या, मागचं दार उघडलं आणि काठी काढली.

"काल सकाळी फोन आला. नाल्यावर पोचले तर पुलावरून पाणी. पलीकडे तिचा नवरा हात हलवत होता. काठी धरून बघितली, खुणेच्या वर चार बोटं."

मिस्त्रींनी काठी घेतली. खुणेच्या वर वाळलेल्या चिखलावर चार बोटं ठेवून बघितली.

"मंग?"

"तीन तास बसले. तो नवरा तिकडून शिव्या देत होता, मी इकडे रडत होते. पाणी खुणेखाली गेलं तेव्हा निघाले. बाळ माझ्याआधीच आलं होतं. बाईचं रक्त थांबत नव्हतं." मॅडमनी श्वास घेतला. "थांबवलं. दोघं बरी आहेत."

मिस्त्रींनी काठी भिंतीला टेकवली. मग एकच विचारलं.

"तुमी बसला होता तवा... इंजन?"

"बंद केलं होतं, मिस्त्री. चावी काढून ठेवली होती."

मिस्त्रींनी स्टूल ओढलं. वर चढून खिळ्यावरची नळी काढली आणि त्या खिळ्याला ती चिखलाची काठी टांगली.