तिच्या वाट्याचं तीर्थ

आमच्या कोहिनूर गावातल्या घरात राहणाऱ्या कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो बघायचा होता. उभा जन्म त्यांनी कलबुर्गीच्या एका डाळमिलमध्ये काढला. तुरीचा भुसा नाकातोंडात जाऊन जाऊन छाती कामातून गेली. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा मिलच्या ऑफिसातलं एक जुनं कॅलेंडर तेवढं त्यांनी सोबत आणलं. त्यावर पांढऱ्या जहाजाचं चित्र होतं. तारखांची पानं कधीच संपली, चित्र मात्र देवघराशेजारच्या खिळ्याला तसंच लटकत राहिलं. अव्वा, माझी आई, देव पुसायची तेव्हा त्याच फडक्याने जहाजही पुसायची.

कोरोनाच्या पहिल्या दोन्ही लाटांत अव्वाने अप्पांना घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. डॉक्टर आधीच सांगून बसले होते की या छातीला हा आजार सोसणार नाही. गल्लीत माणसं गेली, अप्पा राहिले, ते निव्वळ अव्वाच्या धाकाने. म्हणून दुसरी लाट ओसरल्यावर अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, मुंबईहून फोन आला तेव्हा मी आधी अप्पांच्या छातीचाच विचार केला. जहाजं पुन्हा सुरू झाली होती. मुंबईहून सुटायचं, लक्षद्वीप बघून परत यायचं. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. अण्णाने स्वतःसकट आम्हा चौघांचं बुकिंग करूनच फोन केला होता.

मी कलबुर्गीत शिक्षिका आहे, एकटी राहते, आणि फटकळ आहे असं माझ्याबद्दल घरात सगळ्यांचं मत आहे. मी फोनवरच म्हटलं, "हज्जारभर माणसं एका जहाजात कोंडायलेत, अन् त्यात तू अप्पाला न्यायलास?"

"नियम लई कडक हायेत," अण्णा म्हणाला. "कुणी आजारी माणूस चढूच शकत न्हाई."

मग त्याने नियम ऐकवले. दोन्ही डोस झालेले हवेत. चढायच्या आधी तपासणी, तीही ताजी. ज्याचा रिपोर्ट वाईट येईल तो राहिला मागे. जेवण सोडून सगळा वेळ मास्क, खुर्च्या लांब लांब, गरम पाण्याने धुतलेली ताटं. फोन स्पीकरवर होता. अप्पा कान देऊन ऐकत होते आणि त्यांच्या छातीतली ती नेहमीची बारीक शिट्टी मला ऐकू येत होती. नियम संपले तसे ते म्हणाले, "एवढं सगळं करायलेत म्हणल्यावर काय भ्यायचं?"

दुसऱ्या दिवसापासून अव्वाने त्या नियमांचं व्रत धरलं.

शाळा तेव्हा मोबाइलवरच भरत होती, म्हणून मी गावी येऊन राहिले. निघेपर्यंत घरात कुणी यायचं नाही आणि घरातून कुणी जायचं नाही, असं ठरलं. अव्वाने दाराला आतून कडी घातली ती घातलीच. दूधवाला ओट्याखाली ठेवलेल्या पातेल्यात लांबूनच दूध ओतायचा. कोथिंबीर सोड्याच्या पाण्यात बुडायची. उरलेल्या इरकली खणांचे तिने मास्क शिवले, अप्पांचे काठ असलेले, माझे बिनकाठाचे. मी हसले तर म्हणाली, "समुद्रावर काय फाटकं तोंड घिऊन जायचं व्हय?" त्या दिवसांत ती खुशीत होती की घाबरलेली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हात सारखे धूत असायची. तळव्यांची सालं निघायला लागली होती.

पेपरात नव्या लाटेच्या बातम्या सुरू झाल्या. अण्णा रोज म्हणायचा, अजून जहाज बंद केलेलं नाही. ते बंद करावं असं मी मनातून म्हणत होते. समोरच्या घरातला मुलगा पुण्याहून आला आणि दोन दिवसांत त्या घराचंही दार लागलं. गल्लीतून खोकल्याचा आवाज आला की अव्वा चुलीपुढून उठून खिडकी लावायची.

एके दुपारी मावशी आली. अव्वाची थोरली बहीण, मुडबीची. बसमधून उतरून उन्हात चालत आलेली. प्रवासासाठी ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली होती. अव्वाने दार उघडलं नाही. खिडकीतूनच तिला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बसायला सांगितलं.

"मी काय परकी हाव व्हय गं?" मावशी म्हणाली.

"नियम हाय अक्का. एकाला काही झालं की सगळंच बुडलं. त्यांची छाती तुला ठाऊक हाय की."

मावशी लिंबाखाली बसली. मी तांब्या रस्त्याच्या मधोमध ठेवून मागे सरले, ती तो उचलून पाणी प्यायली. भाकरीची पिशवी तिने फांदीला अडकवली आणि पदराने डोळे पुसत परत स्टँडकडे गेली. मला ते फार लागलं. पण तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत अव्वा खिडकीचा गज धरून उभी होती, तेव्हा तिला बोलायची माझी हिंमत झाली नाही.

आणि तपासणीला जायच्या आधीच्या सोमवारी स्वामी आले.

आमचं घर लिंगायतांचं. लग्न असो, मयत असो की लांबचा प्रवास, आमच्या घराचे ठरलेले स्वामी येतात. त्यांचे पाय धुतले जातात, आणि त्यांच्या हातून तळहातावर घेतलेलं तीर्थ पिऊन माणूस बाहेर पडतो. या स्वामींनी माझ्या कपाळाला विभूती लावली तेव्हा मी पाळण्यात होते. लॉकडाउनमध्ये त्यांचं येणं थांबलं होतं. त्या दिवशी बाहेरून फक्त "शरणार्थी" अशी आमच्यातल्या नमस्काराची हाक आली. अव्वाने पळत जाऊन कडी काढली.

मी मध्ये आले. "अव्वा, अगं बाहेरचं माणूस..."

"स्वामी काय बाहेरचे हायेत?" ती इतक्या सहज म्हणाली की मी बघतच राहिले. सख्ख्या बहिणीला उन्हात बसवणारी बाई होती ती. पण तिच्या नियमांत स्वामी बसतच नव्हते. माणसं आत येऊ द्यायची नाहीत हे तिने पाळलं होतं, आणि स्वामींना तिने जन्मात कधी माणसांत धरलं नव्हतं.

स्वामी पाटावर बसले. मास्क हनुवटीखाली होता. "दर्यावर जायलाव म्हणून कळलं," ते म्हणाले. "आशीर्वाद न घेता जायलाव काय?" एवढं बोलताना ते दोनदा खोकले. "थंडीनं घसा धरलाय जरा." मी उठून दोन्ही खिडक्या उघडल्या आणि म्हटलं, "स्वामी, मास्क वर घ्या की." त्यांनी तो घेतलाही. मंत्र म्हणायला लागले तसा तो पुन्हा खाली आला. अव्वाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

तीर्थाचा तांब्या त्यांच्या मांडीशी होता आणि त्यावर वाकून ते खोकत होते. आधी मला मिळालं. मी ओठाला लावलं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवलं. मग अप्पांनी हात पुढे केला. स्वामींनी पळी रिकामी केली आणि तांब्याकडे वळले. अप्पांनी हात तोंडाकडे नेला नाही. तळहातावर पाणी घेऊन ते नुसते बसून राहिले, कॅलेंडरकडे बघत. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकायला लागलं.

तीर्थ जमिनीवर सांडू द्यायचं नसतं. अव्वाने अप्पांच्या हाताखाली आपला हात धरला, त्यांचा तळवा हळूच कलता केला, आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग स्वामींकडून स्वतःचंही घेतलं. अप्पांनी तिला अडवलं नाही. मी समोर होते, म्हणून हे ठामपणे सांगते. त्यांनी हात धोतराला पुसला, बस्स.

तपासणीला बसवकल्याणला गेलो तेव्हा अव्वाच्या अंगात कणकण होती. उन्हामुळे असेल, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आले. अव्वा पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह, अप्पा निगेटिव्ह. ते त्या पाण्यातून आलं की त्या खोलीतल्या हवेतून, हे कोण सांगणार? अप्पाही त्याच खोलीत बसले होते.

मी अण्णाला फोन करून म्हटलं, झालं, रद्द कर सगळं. तो म्हणाला, "अप्पाचा रिपोर्ट चांगला हाय. नियमानं अप्पा येऊ शकतेत." घरात आजारी कुणी असेल तर काय, यावरही नियमांत एक ओळ होती. ती अण्णाने वाचली नाही की वाचून गिळली, मला माहीत नाही.

मला वाटलं अप्पा आता झिडकारतील. ते अंगणात उभे होते, आम्ही दोघी आतल्या खोलीत. त्यांनी विचारलं, "जहाज कवा सुटायलंय?"

माझं डोकंच फिरलं. दारामागून मी त्यांना नको नको ते बोलले. मागून अव्वा म्हणाली, "जाऊ दे त्यांना. हितं राहिले तर त्यांनाबी धरंल." यात चूक काहीच नव्हतं, म्हणूनच मला आणखी संताप आला.

संध्याकाळी तिला ताप चढला. तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत मी विचारलं, "त्यांच्या हातातलं कामून घेतलीस?"

"स्वामींना न्हाई कसं म्हणायचं? अन् खाली कसं सांडायचं?" थोडा दम घेऊन ती म्हणाली, "मलाबी त्यो खोकला ऐकू आला की गं. त्यांना जायचं हाय."

म्हणजे तिला कळलं होतं. स्वामींचा मान, तीर्थाचा मान आणि नवऱ्याचा समुद्र, तिन्ही राखायचा तिला एकच रस्ता दिसला होता.

अण्णाने गाडी पाठवली. अप्पा काठाचा मास्क लावून अंगणात आले. अव्वा गज धरून खिडकीशी उभी राहिली, मावशीच्या वेळी राहिली होती तशीच.

"येतो," अप्पा म्हणाले.

"नीट बघून या. मला सगळं सांगायचंय तुमी."

मुंबईत त्यांची पुन्हा तपासणी झाली, तीही चांगली आली. जहाज सुटताना अण्णाने एक फोटो पाठवला. कठड्याला धरून उभे असलेले अप्पा, मागे राखाडी पाणी. अव्वाने फोन डोळ्यांजवळ धरून तो बघितला आणि विचारलं, "हितनं पलीकडचा काठ दिसत न्हाई व्हय?" त्यानंतर दोघांचेही फोन लागेनात. पाण्यात रेंज नव्हती.

माझा ताप दोन दिवसांत उतरला. तिचा श्वास मात्र कमी कमी होत गेला. अॅम्ब्युलन्समधून कलबुर्गीला नेताना ती वाटेतली गावं विचारत होती, मग विचारायची थांबली. दवाखान्यात ती दोन दिवस होती. मी अण्णाचा नंबर लावत राहिले. फोनमधली बाई कन्नडमधून, मग इंग्रजीतून, त्याच शांत आवाजात सांगायची की हा ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहे. जहाजाच्या ऑफिसने निरोप पोहोचवतो म्हणून सांगितलं. निरोप पोहोचला तेव्हा मधे कुठे उतरायची सोय नव्हती. अव्वा गेली त्या दिवशी ते दोघं कुठल्या पाण्यावर होते, मी कधी विचारलं नाही.

आमच्यात माणसाला मातीत बसवतात. मांडी घातलेली, हातात गळ्यातलं इष्टलिंग, पूजेला बसल्यासारखं. अव्वाला बसवता आलं नाही. पांढरे पोशाख घातलेल्या माणसांनी ती पिशवी आमच्या शेतात आडवीच खाली सोडली. उघडायची परवानगी नव्हती. तिच्या गळ्यातलं लिंग गळ्यातच राहिलं असेल असं मी धरून चालते. मावशी मुडबीहून आली आणि कुणी सांगायच्या आतच लांब जाऊन उभी राहिली. स्वामीही आले होते. त्यांचा घसा चार दिवसांत बरा झाला होता. बांधापलीकडे, नाकापर्यंत मास्क ओढून, त्यांनी तिथूनच मंत्र म्हटले. या वेळी त्यांनी नियम पाळला.

अप्पा परत आले ते सरळ शेतात गेले. तिथे ते काय बोलले कुणाला माहीत नाही. समुद्राबद्दल त्यांनी आम्हाला आजपर्यंत एक शब्द सांगितलेला नाही. एकदा अण्णाच्या मुलाने विचारलं तर उठून आत गेले. कॅलेंडर त्यांनीच काढलं, खिळा आहे.

मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो. सुट्टीत गावी गेले की त्यांच्यासाठी भाकरी थापताना येतो, त्यांच्या छातीतली ती शिट्टी ऐकताना येतो. ती असेपर्यंत जी छाती जपायचा घरात एवढा आटापिटा चालायचा, ती तशीच चालू आहे.

आता दर सोमवारी स्वामी येतात. दार उघडंच असतं. अप्पा पाटासमोर बसून हात पुढे करतात, तीर्थ घेतात आणि पितात. मग लगेच तोच हात पुन्हा पुढे करतात. पहिल्या सोमवारी स्वामी गोंधळले होते. अप्पा म्हणाले, "तिच्या वाट्याचं." तेव्हापासून स्वामी विचारत नाहीत, पुन्हा पळी भरतात. दुसऱ्या वेळेला अप्पा डावा हात उजव्याच्या खाली धरतात, सांडू नये म्हणून.