घरी न आलेलं गाणं

"काका, थांबलात का? विसरलात?"

सर म्हणाले आणि गिटारचा वर्ग हसला. मी गिटार पोटावर घेऊन बसलो होतो. माझी पोटावरच बसते, मांडीपर्यंत पोचत नाही.

विसरलो नव्हतो. वाट बघत होतो.

माझे वडील देवगाव रंगारीला भीमगीतांच्या गायन पार्टीत होते. पुढच्यानं ओळ अर्धी सोडायची, मागं बसलेल्यांनी ती उचलायची, ही तिथली रीत. लहानपणापासून कानात तेच. म्हणून "रिकामी घागर घेऊन माय" एवढं म्हणून मी थांबलो. कोणी उचललं नाही. मागं सिडकोतल्या डॉक्टर-बिल्डरांची पोरं बसली होती.

"इथं मागून कोरस नसतो," सर म्हणाले. "ही जयंतीची मिरवणूक नाही, काका."

आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

पुन्हा हसले. मीही हसलो. चिकलठाण्याच्या कंपनीत साहेब हसले की आपण हसायचं, ती सवय हाडात मुरलेली. माझ्यावरच हसत असले तरी.

गिटार पोरीची. ती नोकरीला पुण्याला गेली, गिटार कपाटावर राहिली. बायको म्हणाली, "विका न्हाय तर वाजवा. धूळ पुसून पुसून हात दुखाया लागला." मी वाजवायचं ठरवलं. खरं कारण आई. ती गेल्यावर तिच्यावर गाणं करायचं मनानं घेतलं होतं. चाल सुचली, शब्द सुचले. त्याखाली कॉर्ड कोणते, ते कळत नव्हतं.

सरांनी समजावलं मात्र झकास. सी कॉर्ड म्हणजे घर. एफ म्हणजे घराबाहेर पडणं. जी म्हणजे परत येऊन दारात ताटकळणं. तिथं थांबलं की कानाला चैन पडत नाही, म्हणून पुन्हा सी. "गाणं घरी आलं पाहिजे," सर म्हणाले. मला समजलं. बोटांना समजलं नाही. प्रेस मशीनवर घट्टे पडलेली बोटं, एफ दाबला की पत्रा खरवडल्यासारखा आवाज.

माझ्या ओळी अशा होत्या:

रिकामी घागर घेऊन माय उभी राहिली,
विहीर भरली होती, तिनं नुसती पाहिली.

'पाहिली' हा शब्द जी कॉर्डवर. तिथंच संपवलं होतं. ठरवून नव्हे, तसंच आलं होतं.

"चाल गोड आहे," सर म्हणाले. "वार्षिक कार्यक्रमात घेऊ. पण शेवट लोंबकळतोय. पालक बेचैन होतील. आईला घरी आणा ना. आणि गाऊ दे पुढं बसलेल्या या मुलाला. तुमचे उच्चार जरा..." पुढचं त्यांनी हवेत सोडलं.

मी म्हणालो, "हो सर."

घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची. तिनं वर बघितलं नाही. "आत्याबाईला गाण्यातून बी हाकललं का?" एवढंच बोलली. फोन उचलून सरांना काही बोलावं, ते जमेना. पन्नाशीचा बाप्या, पोरीहून लहान पोरांसमोर 'हो सर' म्हणून आलेला.

तालमीला गेलो. तो मुलगा गायला, सरांनी बदललेले शब्द. गोरा, गोड आवाज. बोटं एफवरून जीवर, जीवरून सीवर, लोण्यासारखी.

भरली घागर घेऊन माय घराला आली,
अंगणातली तुळस माझी हिरवीगार झाली.

सी वाजला. सगळ्यांच्या माना डोलल्या. काय सांगू, मलाही बरं वाटलं. त्याचीच भीती वाटली.

आमच्याकडं तुळस नव्हती. अंगणही नव्हतं. आई भर उन्हात विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी तरी वरून ओतावं म्हणून. कधी ओतायचे. कधी आमच्याकडं बघत बैलांना पाजायचे. मग ती रिकामी घागर घेऊन नदीला जायची. मी तिचा पदर धरून मागं.

त्या सीला बरं वाटावं म्हणून यांनी तिला पाणी पाजलं होतं. जे गावानं पाजलं नाही.

मी उभा राहिलो.

"सर, गाणं परत द्या."

"अहो काका, कॉर्ड मी बसवलेत."

"कॉर्ड ठेवा. आई देत नाही."

"असं चिडून संगीत शिकता येत नाही."

"मग न्हाय शिकत."

गिटार उचलली. दारातून निघताना ती चौकटीला आपटली, पोरं हसली. यावेळी मी हसलो नाही.

त्यांनी कार्यक्रमात गायलंच ते, तुळशीसकट. टाळ्या पडल्या म्हणे. चाल तोंडातून सुटली की तिला कुठं धरणार. कोणाकडं दाद मागणार. माझ्याकडं पुरावा काही नाही.

एफ मला अजून येत नाही. कदाचित येणारही नाही. पण जी कशाला असतो, ते आता मला पक्कं ठाऊक आहे. ज्याला दारात थांबवलंय, त्याचा तो कॉर्ड. मी गाणं तिथंच सोडणार. जयंतीला, लग्नात, कंपनीच्या गेटवर, जिथं उभं राहू देतील तिथं, नाही देणार तिथंही. ऐकणाऱ्याला बेचैन वाटलं तर वाटू दे. माझी आई तहानलेली होती. तिला मी खोटं पाणी पाजणार नाही.