नवऱ्याच्या जागी मी

रेशनच्या दुकानात कसं, घरातल्या कुणीही अंगठा लावला तरी सगळ्यांचं धान्य मिळतं. मला वाटलं, दारू सोडायचंही तसंच असेल. हसा खुशाल. मी तशीच गेले होते, नवऱ्याच्या जागी.

आमचे हे शेंद्र्याच्या कंपनीत. माणूस लाखात एक, पण संध्याकाळी करमाडला बसमधून उतरले की पाय घराकडं वळायचे नाहीत, गुत्त्याकडं वळायचे. मी भांडले, रुसले, माहेरी जाऊन बसले, शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नातीच्या बारशाला, खुलताबादला लेकीच्या घरी, पिऊन गेले आणि पाळण्यावरच कोसळले. पोरगी थोडक्यात बचावली. लेकीनं चार पाहुण्यांसमोर सांगितलं, "आप्पा, आता या घरात यायचं नाय." त्याला दोन वर्षं झाली होती. मला तेवढं ते दार उघडं होतं.

गुडघा दाखवायला सरकारी दवाखान्यात गेले, तेव्हा औषधाच्या खिडकीशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. दारू सोडणाऱ्यांची बैठक, दर रविवारी संध्याकाळी, खाली शहरातल्या एका शाळेचा पत्ता. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी काय बेवडा हाय का?" आता या प्रश्नाला बायकोनं काय उत्तर द्यावं? मग मीच गेले.

वर्गात दहा-बारा बाप्ये लहान पोरांच्या बाकांवर अंग चोरून बसलेले. दारातल्या काकांनी विचारलं, "ताई, कोण पितं?"

म्हटलं, "मालक. त्यांच्या वाटणीचं मी ऐकून जाते."

काका हसले नाहीत. म्हणाले, "ज्याची त्यालाच सोडावी लागते, ताई. पण घरच्यांना बसायला ना नाय. चहा घ्या."

एक रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर बोलायला उठले. त्यांच्या लेकीनं सहा वर्षं त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता. "दारू सुटून चार महिने झाले," ते म्हणाले. "या आठवड्यात फुलंब्रीला जातो, तिच्या दारात. बघू." माझी बस चुकेल म्हणून मी तेवढ्यावर उठले.

घरी भाकरी वाढता वाढता ह्यांना सगळं सांगितलं. एरवी मी बोलायला लागले की हे टीव्हीचा आवाज वाढवतात. त्या दिवशी टीव्ही बंद केला.

पुढच्या रविवारी बैठक संपेपर्यंत थांबले, तर शेवटी काकांनी नियम सांगितला. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं, बाहेर कुणाला सांगायचं नाही. माझे कान गरम झाले. गेल्या खेपेला बसच्या घाईत हा नियम ऐकायचाच राहिला होता. तिथल्या तिथं काकांना जबान दिली, आता चूक होणार नाही.

घरात पाय ठेवते न ठेवते तोच ह्यांचा प्रश्न, "मग? घेतलं का लेकीनं घरात?"

"सांगता येत नाय."

"नवऱ्याला बी नाय?"

"नाय."

चार दिवस हे रुसले. पाचव्या दिवशी ताटावर बसून परत तेच, "निदान व्हय का नाय, एवढं तरी सांग."

"एवढी हौस असंल तर जावा ना स्वतः," मी खेकसले.

नंतर भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. ड्रायव्हरच्या लेकीशी ह्यांना काय देणंघेणं? हे आपल्या लेकीचं विचारत होते. साबणाचे हात तसेच राहिले आणि मला लई रडू आलं. खरं सांगते, नियम नसता तरी मी तोंड उघडलं नसतं. फुलंब्रीच्या लेकीनं दार उघडलंच नव्हतं. हे कळलं असतं तर ह्यांनी त्याच पावली गुत्ता गाठला असता.

रविवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "तेवढं विचारून येतो फक्त," म्हणाले. ते गेले आणि मी पीठ मळायला घेतलं. तिथं जाऊन हे तेच ऐकणार होते. दोन भाकऱ्या करपल्या, तिसरी थापलीच नाही.

साडेआठला आले. सरळ चालत आले. मी दारातच निर्लज्जासारखा वास घेतला, चहाचा होता.

"काय झालं? तुम्ही बोललात काही?"

पाय धुता धुता म्हणाले, "तिथलं सांगता येत नाय."

असा राग आला की परात फेकून मारावी, आणि असंही वाटलं की या माणसाची दृष्ट काढावी. गुपचूप गरम भाकरी टाकली. खाताना ह्यांनी मान खाली घालून विचारलं, "खुलताबादची पहिली बस कितीला असते गं?"

"अहो, दार नाय उघडलं तर?"

"तर पुढच्या रविवारी परत."

चार रविवार सकाळी लेकीच्या बंद दारात उभे राहिले आणि संध्याकाळी बैठकीला गेले. मधल्या एका बुधवारी पाय परत गुत्त्याकडं घसरला, तेही तिथं सांगून आले म्हणे. पाचव्या रविवारी घरी आले ते पिशवीत पेरू घेऊन. लेकीच्या अंगणातलं झाड मी ओळखते, तसे गुलाबी पेरू दुसरीकडं नाहीत.

"आत बसवलं? काय म्हणाली? तुम्ही काय म्हणालात?"

ह्यांनी पेरू कापला, मोठी फोड मला दिली. डोळे भरले होते, तरी म्हणाले, "तिथलं तिथंच."

आता नात शाळेत जाते. त्या दिवशी बापलेकीत काय बोलणं झालं, ते मला अजून दोघांपैकी एकानंही सांगितलेलं नाही.